टोमॅटोमागून आलेला पतंग

राज्यांचे इतिहास लिहिले जातात, व्यापाराचे लिहिले जातात, अलीकडे अन्नाचेही लिहिले जाऊ लागले आहेत. किडींचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहीत तो 'नुकसान' या एका शब्दात संपतो. वास्तविक धान्ये, भाज्या आणि फळे ज्या वाटांनी जगभर हिंडली, त्याच वाटांनी त्यांचे शत्रूही हिंडले आहेत. आणि या दुसऱ्या प्रवासाने पहिल्या प्रवासाचा लाभ कित्येकदा धोक्यात आणला आहे. टोमॅटो आणि त्याची पाने व फळे पोखरणारा एक करडा पतंग यांची कहाणी या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. शास्त्रज्ञांनी या पतंगाला 'टुटा ॲब्सोल्युटा' असे नाव दिले. शेतकऱ्यांच्या तोंडी तो नुसता 'टुटा' झाला आहे.

टोमॅटोचे मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेला, अँडीज पर्वताच्या परिसरात आहे. त्याचे रानटी भाऊबंद पेरू, एक्वादोर आणि चिली या देशांत आजही उगवतात. लागवडीचे पीक म्हणून त्याला रूप आले ते मेक्सिकोत. त्याचे नावही तेथल्या नाहुआत्ल भाषेतील 'तोमात्ल' या शब्दावरून आले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला. १५४४ साली मात्तिओली या इटालियन वैद्याने आपल्या वनस्पतिग्रंथात त्याचा उल्लेख केला. हिंदुस्थानात तो पोर्तुगीजांच्या संपर्कातून आला असे मानतात. नवख्या पाहुण्याला ओळखीच्या नातलगाच्या नावाने हाक मारावी, तसे लोकांनी केले. बंगाल्यांनी त्याला विलायती वांगे म्हटले, मराठीत त्याला 'बेलवांगी' हे नाव पडले आणि विदर्भात त्याचे 'भेदरे' झाले. हे नातेही खोटे नव्हते. वांगे, बटाटा, मिरची आणि टोमॅटो ही एकाच कुळातील भावंडे होत.

या प्रवासातील एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. टोमॅटो समुद्र ओलांडून आला तो बियांच्या रूपाने. बियांच्या पुडीतून पान पोखरणारी अळी येत नाही. परिणामी मूळ भूमीत त्याच्या मागे असलेले कित्येक शत्रू तेथेच राहिले आणि तो एकटाच परदेशी निघून आला. स्पेन, इटली, ईजिप्त, तुर्कस्तान, हिंदुस्थान या देशांत त्याची जी भरभराट झाली, तिच्या मुळाशी माती, हवा आणि माणसाची मेहनत जशी होती, तशी ही मोकळीकही होती. ही मोकळीक सुमारे साडेचारशे वर्षे टिकली.

मागे राहिलेल्या शत्रूंपैकी एकाची विद्वानांच्या दप्तरी नोंद झाली ती १९१७ साली. पेरू देशात अँडीज पर्वतावर, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर वांकायो नावाचे गाव आहे. तेथून आलेल्या नमुन्यांवरून एडवर्ड मेरिक या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मेरिक हे पेशाने मार्लबरो येथील शाळेत शिक्षक होते. फावल्या वेळात त्यांनी जगभरातील हजारो सूक्ष्म पतंगांना नावे दिली. त्या हजारांतलाच हा एक. त्यांनी त्याला 'फ्थोरिमिया' या वंशात घातले. पुढे निरनिराळ्या तज्ज्ञांनी त्याचे घराणे अनेकदा बदलले. १९९४ साली तो 'टुटा' झाला आणि २०२१ साली तज्ज्ञांनी त्याला पुन्हा मेरिकच्याच वंशात नेऊन बसविले. या वंशाचे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण महाराष्ट्राशी त्याचा संबंध टुटाच्याही आधीचा आहे.

हा पतंग दिसण्यात अगदी सामान्य आहे. पंख पसरले तरी तो जेमतेम एक सेंटिमीटर भरतो. करड्या पंखांवर काळसर ठिपके असतात. दिवसा तो पानांआड दडून बसतो आणि संध्याकाळनंतर हालचाल करतो. मादी आपल्या आयुष्यात दोनशे-अडीचशेपर्यंत अंडी घालते. एकेक अंडे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. अंड्यातून निघालेली अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांमध्ये शिरते व आतला हिरवा गर खाऊन टाकते. राहतो तो पारदर्शक पापुद्रा आणि त्यात साठलेली काळी विष्ठा. शेंडा, खोड, कळी यांतही ती शिरते. फळात शिरायचे तर देठाजवळच्या हिरव्या टोपीखालून शिरते. छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते; पण त्यातून कूज आत जाते आणि फळ विकण्याच्या लायकीचे राहत नाही. हवा १४ अंश सेल्सिअस असेल तर अंड्यापासून पतंग होण्यास सुमारे ७६ दिवस लागतात. २७ अंशांवर तेच काम २४ दिवसांत उरकते. उष्ण प्रदेशात वर्षाला दहा-बारा पिढ्या होऊ शकतात. वेळीच आवर घातला नाही तर ऐंशी ते शंभर टक्के पीक हातचे जाते, असा अनुभव अनेक देशांत आला आहे.

मेरिक यांच्या नोंदीनंतर कित्येक वर्षे या पतंगाने फारसे कोणाचे लक्ष वेधले नाही. १९६० नंतर मात्र दक्षिण अमेरिकेत टोमॅटोची व्यापारी लागवड जशी पसरली, तसा तोही पसरला. चिली आणि अर्जेंटिना येथे त्याने ठाण मांडले. १९८० च्या सुमारास तो ब्राझीलमध्ये शिरला आणि काही वर्षांतच तेथील टोमॅटो पिकविणाऱ्या मुलखात सर्वत्र झाला. शेतकऱ्यांनी हाती असलेले शस्त्र उचलले. ते म्हणजे फवारणी. काही ठिकाणी एका हंगामात तीसहून अधिक वेळा फवारणी होऊ लागली. परंतु अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये सुरक्षित असते, तिच्यापर्यंत औषध धड पोचत नाही. उलट पानावर उघड्याने वावरणारे, तिला खाणारे कीटक मात्र पहिल्या फवाऱ्यातच मरतात. शिवाय पिढ्या झपाट्याने होत असल्यामुळे औषधातून वाचलेल्या पतंगांची संतती तेच औषध पचविण्यास लवकर सरावते. चिली, ब्राझील आणि अर्जेंटिना येथे एकामागून एक जुनी औषधे निकामी ठरली. औषध बदलावे, काही वर्षे गुण यावा आणि पुन्हा हात टेकावे, असा हा क्रम होता. युरोपात तो पुढे तसाच गिरविला गेला. अळीवर अत्यंत प्रभावी म्हणून नावाजलेली नवी डायअमाइड वर्गातील औषधेही काही वर्षांतच इटलीत निष्प्रभ होऊ लागली आणि २०१५ साली तसे प्रसिद्ध झाले.

हे सर्व दक्षिण अमेरिकेत घडत होते तोपर्यंत उरलेले जग निर्धास्त होते. तथापि जाणकारांनी धोका ओळखला नव्हता असे नाही. युरोप व भूमध्य समुद्राकाठच्या देशांची वनस्पतिसंरक्षण संघटना आहे. तिने २००४ सालीच या पतंगाचे नाव आपल्या धोक्याच्या यादीत घातले होते. इशारा दिला गेला, कागदावर उमटला आणि दोनच वर्षांनी, २००६ च्या अखेरीस, स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील कास्तेयोन प्रांतात टोमॅटोच्या पानांवर ते पारदर्शक डाग दिसले.

पुढला वेग थक्क करणारा आहे. २००८ मध्ये मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, फ्रान्स आणि इटली. २००९ मध्ये ग्रीस, तुर्कस्तान आणि ईजिप्त. २०१० मध्ये इराण आणि सुदान. त्याच्या पसरण्याची सरासरी वर्षाला सुमारे ८०० किलोमीटर पडते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. सेंटिमीटरभर पंखांचा पतंग हे अंतर स्वतःच्या बळावर तोडत नाही. २००९ साली नेदरलँड्समध्ये तो प्रथम सापडला तो शेतात नव्हे. स्पेनहून आलेले टोमॅटो जेथे निवडून पेट्यांत भरले जात होते त्या वेष्टनगृहात. देठासकट विकल्या जाणाऱ्या फळांच्या घोसात, रिकाम्या परत जाणाऱ्या पेट्यांच्या खाचांत, रोपवाटिकेतून गावोगाव जाणाऱ्या रोपांवर अंडी, अळ्या आणि कोष प्रवास करीत होते. साडेचारशे वर्षांपूर्वी बी एकटे आले होते. आता फळ, देठ, पान आणि पेटी सारेच प्रवासाला निघाले होते.

२०१५ साली शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. भूमध्य समुद्राभोवतीच्या पतंगांची आनुवंशिक घडण त्यांनी दक्षिण अमेरिकेतील पतंगांशी ताडून पाहिली. ती परस्परांशी इतकी मिळतीजुळती निघाली, की हे सर्व पतंग मध्य चिलीतून आलेल्या एकाच टोळीचे वंशज आहेत, असा निष्कर्ष निघाला. एका वेळी, एका ठिकाणी झालेल्या गफलतीची ही किंमत होती. दाराची कडी शंभर वेळा नीट लावली आणि एकदा राहिली, तर चोराला ते एकदाच पुरते.

ही किंमत कोणी मोजली हे पाहायचे तर आफ्रिकेकडे वळावे लागते. नायजेरियात टोमॅटो ही रोजच्या कालवणातील वस्तू आहे. २०१६ च्या मे महिन्यात तेथील कादुना राज्याने टोमॅटोच्या पिकासाठी आणीबाणी जाहीर केली. एखाद्या भाजीसाठी आणीबाणी पुकारली जावी, ही इतिहासात विरळाच घडलेली घटना. शेतेच्या शेते करपली, बाजारात टोपलीचा भाव अनेकपटींनी चढला आणि कानो शहराजवळ टोमॅटोचा लगदा करण्याचा नवा मोठा कारखाना मालाअभावी बंद ठेवावा लागला. काही काळापूर्वीच पश्चिम आफ्रिकेत इबोला रोगाने थैमान घातले होते; लोकांनी या किडीला 'टोमॅटो इबोला' म्हटले. ज्या शेतकऱ्याची सारी मिळकत त्या एका हंगामावर होती, त्याला हे नाव अतिशयोक्तीचे वाटले नसेल.

आता हिंदुस्थानाकडे यावे. टुटा हा येथे आलेला या वंशातील पहिला पाहुणा नव्हे. १९०६ साली इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांबरोबर मुंबई इलाख्यात एक पतंग शिरला. साठवणीतील बटाटे पोखरणारी ती 'पाकोळी' होय. तिचा वंश फ्थोरिमिया, म्हणजे मेरिक यांनी पुढे अकरा वर्षांनी टुटाला ज्यात बसविले तोच. तिचेही मूळ दक्षिण अमेरिकेतले. पुणे जिल्ह्यातील बटाटा पिकविणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना तिने छळले. परदेशी किडींना बंदरावरच अडवावे या हेतूने १९१४ साली विध्वंसक कीटकांविषयीचा कायदा झाला. तरीही १९९० च्या सुमारास हैदराबादच्या परिसरात एरंडीवर अमेरिकेकडील नागअळी प्रथम आढळली आणि बघता बघता टोमॅटोसह अनेक पिकांवर पसरली. मग २०१४ साल उजाडले. कायद्याला बरोबर शंभर वर्षे झाली होती. त्या वर्षी पुण्याच्या आसपासच्या शेतांत आणि कर्नाटकात बेंगळूरकडील भागात टुटा सापडल्याच्या नोंदी झाल्या. पुढील काही वर्षांत गुजरात, तेलंगण, आंध्र, तामिळनाडू, मध्य प्रदेश, दिल्ली आणि हिमाचल प्रदेश येथूनही त्या येऊ लागल्या. २०१६ मध्ये नेपाळ आणि बांगलादेश, २०१७ मध्ये चीनचा शिंच्यांग प्रांत, असा त्याचा पुढला मार्ग होता.

पानावर रेघोट्या ओढणारी नागअळी शेतकऱ्यांच्या परिचयाची होती, त्यामुळे टुटाचे डागही तिचेच समजले जाण्याचा धोका होता. दोन्हींतला फरक सांगितला की सहज कळतो. नागअळीची वाट बारीक, नागमोडी असते. टुटाचा डाग रुंद आणि फुगीर असतो, आणि पान उजेडासमोर धरले तर आत काळी विष्ठा व कित्येकदा हालणारी अळीही दिसते. नागअळी फळाला हात लावत नाही. टुटा फळही सोडत नाही. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक पैशांत मोजावा लागतो. टोमॅटो हे मुळातच खर्चाचे पीक आहे. रोपे, बांबू, तार, सुतळी, बांधणी, तोडणीची मजुरी, वाहतूक हे सारे आधी घालावे लागते. भाव मात्र ज्या दिवशी क्रेट बाजारात उतरतो त्या दिवशी ठरतो. त्यातच दहा फळांमागे तीन-चार फळांना देठाशी छिद्र असेल, तर कर्जाचा हप्ता कोठून द्यावयाचा हा प्रश्न उभा राहतो.

उपायाचा विचार करताना पुन्हा पहिल्या मुद्द्याकडे यावे लागते. टोमॅटो आपले शत्रू मागे ठेवून परदेशी गेला आणि भरभराटला. पतंगाने नेमके तेच केले. अँडीजच्या परिसरात त्याला खाणारे, त्याच्या अंड्यांत आणि अळ्यांत आपली अंडी घालणारे जे कीटक होते, ते त्याच्याबरोबर आले नाहीत. नव्या मुलखातील त्याच्या उत्कर्षाचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून जेथे जेथे त्याला थोडाफार आवर बसला, तेथे तो त्या त्या भूमीतील कीटकांनी घातला आहे. स्पेनमध्ये आरंभीच्या फवारण्यांचा भर ओसरल्यावर लक्षात आले, की 'नेसिडिओकोरिस' नावाचा एक चिमुकला हिरवा ढेकूण टुटाची अंडी आवडीने खातो. हा ढेकूण भक्ष्य न मिळाल्यास टोमॅटोच्या कोवळ्या देठांतील रसही शोषतो, त्यामुळे पूर्वी त्याची गणना उपद्रव्यांत होत असे. आता रोपवाटिकेतच रोपांवर तो सोडण्याची पद्धत तेथे रूढ झाली. हाच ढेकूण हिंदुस्थानातील टोमॅटोच्या शेतांतही असतो आणि येथेही तो टुटावर जगताना आढळला आहे.

दुसरे उदाहरण अधिक लक्षवेधी आहे. स्पेनमधील हरितगृहांत टुटाच्या अंड्यांविरुद्ध 'ट्रायकोग्रामा अकेई' ही डोळ्याला जेमतेम दिसणारी परोपजीवी माशी सोडतात. तिचे शास्त्रीय वर्णन १९७० साली नागराज आणि नागरकट्टी या दोन भारतीय संशोधकांनी केले, आणि तिचे नाव एरंडीवरील उंटअळीच्या शास्त्रीय नावावरून पडले आहे. एरंडीच्या किडीचे नाव लावणारी ही माशी सात समुद्रांपलीकडच्या टोमॅटोची राखण करते. बटाट्याच्या पाकोळीवरही पुढे दक्षिण अमेरिकेतूनच 'कोपिडोसोमा' हा परोपजीवी कीटक आणून महाराष्ट्रात वापरण्यात आला, हे येथे आठवावे. शत्रू एकटा आला असेल, तर त्याच्या मागे राहिलेल्या सोबत्याला बोलावून आणणे किंवा येथलाच जोडीदार शोधून देणे, हाच या लढाईचा टिकाऊ मार्ग दिसतो.

तिसरे साधन रसायनशास्त्राने दिले. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्याची घटना १९९० नंतरच्या दशकात उलगडली आणि तो प्रयोगशाळेत तयार होऊ लागला. त्यावर बेतलेले कामगंध सापळे आता बाजारात मिळतात. नुसत्या सापळ्यांनी पीक वाचत नाही, कारण त्यात नरच अडकतात; पण कीड शेतात शिरली केव्हा आणि वाढते आहे की नाही, हे त्यांमुळे वेळीच समजते. त्याच्या जोडीला निरोगी रोपांची निवड, डागाळलेली पाने व किडकी फळे बांधावर न टाकता पुरून टाकणे, टोमॅटोमागून लगेच टोमॅटो, वांगे किंवा बटाटा न घेणे आणि औषध लागलेच तर तेच ते पुनःपुन्हा न फवारणे, या साध्या गोष्टी आहेत. त्या एकट्याने करून भागत नाही, ही खरी अडचण. एका शेतकऱ्याने किडका माल पुरला आणि शेजाऱ्याने तो ओढ्याच्या काठी ओतला, तर पतंगाला बांध ओलांडावयास एक रात्र पुरते.

या इतिहासात खलनायक म्हणून त्या पतंगाकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण तो वांकायोच्या डोंगरावर होता तेव्हाही हाच होता. अंडी घालणे आणि पान खाणे याखेरीज त्याने काही नवे केलेले नाही. नवे जे केले ते माणसाने: पिकांचे पट्टे एकमेकांना भिडविले, देशादेशांतील वाटा जोडल्या, पेट्या दिवसारात्री फिरत्या ठेवल्या. त्यातून मिळालेल्या सुखाचा वाटा जगभरच्या स्वयंपाकघरांना मिळाला. धोक्याचा वाटा मात्र बहुतांशी एकट्या उत्पादकाच्या पदरी पडला. २००४ चा इशारा कास्तेयोनच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत वेळीच पोचता, तर पुढील दहा वर्षांचा नकाशा कदाचित निराळा दिसला असता. टुटा आता येथे स्थायिक झाला आहे; त्याला परत पाठविता येणार नाही. परंतु तो शेवटचा पाहुणा नव्हे. पुढल्या वेळी परक्या किडीचा पहिला डाग कोणत्या तरी लहानशा शेतातील एका पानावरच उमटेल. ते पान उजेडासमोर धरून पाहणारा शेतकरी आणि त्याचे म्हणणे त्याच दिवशी ऐकून घेणारा जाणकार, या दोघांमधील अंतर किती उरले आहे, यावरच पुढला सारा हिशेब अवलंबून राहील.